मांडवा ते दाभोळ: ट्यूबलेस टायर, बोटभर किट आणि केळशीआधीची खडी

"सीलंट भरलंय, आता पंक्चर विसरा," असं सायकलचे ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले टायर विकणारा प्रत्येक जण सांगतो. सीलंट म्हणजे टायरात ओतलेला, भोक आतून बुजवणारा द्रव. काट्यापुरतं ते खरं आहे. बाभळीचा काटा, काचेची चीप, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली तार, सगळं सीलंट गिळून टाकतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. ताज्या फोडलेल्या खडीपुढे मात्र त्याचं काही चालत नाही.

आमची सायकलवारी अशी: मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडवा, मग काशीद, मुरूड, आगरदांड्याहून फेरीने दिघी, दिवेआगर, हरिहरेश्वर. इथवर लिहिण्यासारखं काही नाही. रस्ता बरा, मासे उत्तम. बागमांडल्याची फेरी वेसवीला सोडते आणि केळशीकडे निघालं की चढ लागतात. आम्ही गेलो तेव्हा मधल्या एका पट्ट्यात खडी पसरून ठेवली होती आणि रोलरचा मागमूस नव्हता. आदल्या मुक्कामी "रस्ता एकदम मख्खन झालाय" असं छातीठोक सांगणारे गृहस्थ तिथून नक्की कशाने गेले होते, देव जाणे. चारचाकीवाल्याला रस्ता विचारूच नका. दूधवाल्याला विचारा.

तिथेच मागचा टायर फाटला. फस्स आवाज, पोटरीवर पांढरे शिंतोडे, अमोनियाचा वास. 40 मिमी रुंदीचा टायर, मधोमध चांगला अर्धा सेंटिमीटर चर. चाक फिरवून चर खाली आणला, थोडा वेळ थांबलो, सीलंट नुसतं बुडबुडत राहिलं.

आता पंक्चरच्या किटबद्दल, म्हणजे एक सुई आणि तिने भोकात कोंबायच्या रबरी वाती. हँडलबारच्या टोकात बसणारं ते नाजूक किट घ्याच, कारण पिशवी न उघडता हाताशी येतं आणि हवा पूर्ण जायच्या आत वात घालणं हाच सगळा खेळ आहे. पण त्यात येणाऱ्या दीड मिमीच्या वाती काट्याच्या भोकासाठी आहेत, आणि काट्याचं भोक सीलंट तसंही बुजवतं! म्हणजे ज्या कामासाठी किट लागतं त्या कामाला त्यातल्या वाती निकामी. पहिली बारीक वात घातली, ती हवा भरताच पिचकारीसारखी बाहेर आली. दोन एकत्र घातल्या, त्या शंभर पावलं टिकल्या. शेवटी साडेतीन मिमीची जाड वात आरपार न ढकलता, दोन्ही शेपट्या बाहेर ठेवून घातली, सुई सरळ वर ओढली, तेव्हा कुठे थांबलं. जाड वाती वेगळ्या विकत घ्या आणि सुईच्या नेढ्यात एक आधीच ओवून ठेवा. घामेजल्या हातांनी ती चिकट वात ओवणं म्हणजे शिक्षा आहे.

झटपट हवा भरायच्या सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) नळकांड्या घरी ठेवा. क्षणात हवा भरते हे खरं, पण तो वायू रबरातून लवकर झिरपतो, सकाळी टायर पुन्हा मऊ. शिवाय नळकांडीतून वायू गार होऊन निघतो, काही सीलंट त्या गारठ्याने गोळा होतात. आणि एकदा वापरली की संपली. हातपंप घ्या, तोही नळीवाला. बिननळीचा बोटभर पंप व्हॉल्व्ह वाकवतो आणि तळहात सोलतो.

पुढच्या गावात हवेचा कॉम्प्रेसर मिळाला. प्रेस्टा व्हॉल्व्हला (सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला) मोटारसायकलची नळी बसावी म्हणून लावायचा पितळी ॲडॅप्टर माझा, नळी मीच धरली, तरी नुसत्या हवेचे दोनशे रुपये. मोटारसायकलचं अख्खं ट्यूबलेस पंक्चर त्याहून स्वस्तात निघतं. "बाहेरची सायकल आहे ना," हे कारण. दिले, कारण ऊन चढलं होतं आणि पुढे पुन्हा चढ होता. तुम्ही नळीला हात लावायच्या आधी भाव विचारा. कॉम्प्रेसरवाल्याकडची, भोक मोठं करायची कानशीसारखी सळई मात्र टायरात घालू देऊ नका. ती मोटारसायकलच्या जाड टायरसाठी असते, सायकलच्या टायरचे धागे कापून ठेवते. आणि तो पितळी ॲडॅप्टर नखाएवढा असतो, विसरलात तर कोकणातला एकही कॉम्प्रेसर तुमच्या कामाचा नाही.

टायर बाजूने, भिंतीला फाटला तर वात विसरा. आतून तुकडा लावायचा, टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापून नेलेला चालतो, आणि ट्यूब घालायची. त्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. सीलंटने बुजवलेले जुने काटे आत टोकं काढून बसलेले असतात. साथीदाराची नवी ट्यूब हरणैच्या अलीकडे अशीच गेली. फडकं जिथे अडकेल तिथला काटा पकडीने उपटायचा, मगच ट्यूब.

निघण्याआधी सायकल हलवून ऐका. आत द्रव डचमळला नाही तर सीलंट वाळलंय, उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांतही वाळतं. 40 मिमीच्या टायरला 60 मिली सीलंट पुन्हा भरा. नव्या ट्यूब आणि सीलंट पुण्या-मुंबईहूनच न्या, वाटेत मिळतील या भरवशावर राहू नका.

दाभोळहून उलटे येणार असाल तर तोच पट्टा उताराला लागेल. तिथे उतरून चालत या. दहा मिनिटं जातील, टायर वाचेल.