माझ्याही कानांची गोष्ट

मुलाच्या स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले, तेव्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टने कुकरची शिटी, मिक्सरचा आवाज, कॉलरमागचे टोचणारे लेबल अशा गोष्टींविषयी विचारलेल्या प्रश्नांना मी मनातल्या मनात स्वतःसाठीच ‘हो’ म्हणत होते.

२०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने आवाज, स्पर्श, प्रकाश यांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद स्वमग्नतेच्या निकषांत घेतला. आणि स्वतःचे असे निदान नसलेल्या पालकांमध्येही ही संवेदनशीलता इतरांपेक्षा अधिक असू शकते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याने याचे फारसे आश्चर्य वाटू नये. लहानपणी मिरवणुकीत ढोल-ताशा सुरू झाला की मी आजीच्या पदरात तोंड लपवत असे, आणि घरचे त्याला नखरे म्हणत. (खळ घातलेली साडी मी आजही नेसत नाही.)

खरी कसोटी संध्याकाळी लागते. मुलगा दमून किंचाळू लागला की त्याला जवळ घ्यायचे असते आणि नेमका तोच आवाज माझ्या डोक्यात सुईसारखा शिरतो. माझी चिडचिड मुलावर नसून आवाजावर आहे, हे उमजायला मला बराच काळ लागला. आता मी कानांत बोळे घालते, ट्यूबलाइट विझवते आणि आम्ही दोघे मंद दिव्यात न बोलता बसून राहतो.