रेडिओचा कान

आमच्या रेडिओला दोन कान होते. डावा पिळला की आवाज लहानमोठा व्हायचा, उजवा पिळला की काटा स्टेशनांवरून सरकायचा. जून १९७५ पर्यंत घरातली भांडणं उजव्या कानावरून होत. दादाला विविध भारती हवी असे, आजीला कीर्तन. त्यानंतरची भांडणं मात्र डाव्या कानावरून.

२६ जूनला सकाळी इंदिराबाई रेडिओवर बोलल्या. आणीबाणी जाहीर झाली आहे, घाबरण्याचं कारण नाही. आई घाबरायला लागली ती तेव्हापासूनच. मी नऊ वर्षांचा. मला आणीबाणी म्हणजे पाणीटंचाईसारखं काहीतरी वाटलं. नळ मात्र नेहमीसारखाच आला.

आठवड्याभरात समोरच्या बिऱ्हाडातले मास्तर दिसेनासे झाले. ‘त्यांना मिसा लागला,’ असं आजी म्हणाली. गोवर, कांजिण्या, तसाच मिसा. मी आपला दहा दिवस मोजत बसलो. अकराव्या दिवशी विचारलं, तर थोबाडीत बसली. मिसा म्हणजे खटल्याविना डांबायचा कायदा, आणि मास्तरांचा येरवड्याच्या तुरुंगात पाहुणचार चाललाय, एवढंच नंतर कळलं, तेही जिन्यावर कान देऊन. मोठी माणसं जे हळू बोलतात तेच खरं असतं, हे गणित मला तिथं सुटलं. मोठ्यानं चालायची ती सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाची चर्चा. बाकी गाड्या वेळेवर येत, हे खरं. आत्यासुद्धा सांगितलेल्या वेळी आली, आणि आईची पंचाईत झाली.

रात्री बाबा शॉर्टवेव्हवर बीबीसी लावत. आवाज लाटेवर बसून यायचा आणि ऐन बातमीत बुडायचा. डावा कान अगदी खाली, इतका की बाबांना रेडिओच्या कापडाला गाल लावावा लागे. आई खिडकी लावून घेई. मला दाराशी पहाऱ्यावर बसवलेलं असे. कुणावर नजर ठेवायची ते सांगायचं मात्र सगळेच विसरले होते. एकदा मी मांजर आल्याची वर्दी दिली आणि रेडिओ बंद झाला.

पुढच्या वर्षी दादाची तक्रार सुरू झाली की रेडिओ बिघडला, किशोरकुमार लागतच नाही. मागचं झाकण उघडून त्यानं धूळसुद्धा पुसली. किशोरकुमारची गाणी आकाशवाणीनं बंद केली आहेत, हे त्याला कॉलेजच्या कट्ट्यावर कळलं. जयप्रकाश नारायणांच्या अटकेनं जो हलला नव्हता, तो त्या दिवशी सरकारविरोधी झाला. मला ते अजूनही फारसं हास्यास्पद वाटत नाही. दुर्गाबाई भागवतांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून जयप्रकाशांसाठी प्रार्थना केली, ती बातमी आमच्याकडे कुजबुजतच आली होती. किशोरकुमारचं जाणं दादाला स्वतःला ऐकू आलं.

मार्च १९७७. रायबरेलीला इंदिराबाई पडल्या. मास्तर महिन्याभरापूर्वीच सुटून आले होते, बारीक होऊन. बातम्यांना सगळा वाडा आमच्याकडे जमला. ‘अहो, मोठा करा की!’ मास्तर म्हणाले. बाबांनी डावा कान पिळला, तर नुसती खरखर. वीस-एकवीस महिने ते बटण त्या बाजूला फिरलंच नव्हतं. आत धूळ बसली होती. बाबांनी ते चार-पाच वेळा मागेपुढे केलं आणि आवाज एकदम खोलीभर फुटला.

आई उठली आणि सवयीनं खिडकी लावून आली.