बातमीचं पोर्टल, बाईचा अर्ज आणि बँक: माझा इंदूरचा अनुभव

इंदूरच्या एका हिंदी दैनिकात मी बरीच वर्षं महापालिकेच्या बातम्या केल्या. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी कोणत्या टाकीवरून कुठे सोडतात, कोणत्या वॉर्डात ड्रेनेजचं काम अर्धवट पडलंय, हे मला तोंडपाठ. पण छापायची वेळ आली की आधी नेत्यांचे दौरे. शेवटी ठरवलं, वॉर्डांच्या बातम्यांचं स्वतःचं पोर्टल काढायचं. रोजची बातमी हिंदीत आणि आठवड्याचं एक पत्र मराठीत, कारण रामबाग, लोकमान्य नगरकडची ज्येष्ठ मंडळी आजही मराठी आवडीने वाचतात. भांडवल कसं उभं केलं, हे आता बऱ्याच मैत्रिणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

ओळखीतल्या सीए काकांकडे गेले तेव्हा त्यांनी पोर्टलचं नावगाव काही विचारलंच नाही. म्हणाले, "अगं, पैसा कुठून येणार ते आधी सांग. कंपनी की संस्था, ते त्यावर ठरतं." पुढचं सगळं या एका प्रश्नावर उभं राहिलं. बँकेचं कर्ज हवं असेल तर एकटीच्या मालकीचा व्यवसाय पुरतो. गुंतवणूकदार आणायचा तर प्रायव्हेट लिमिटेड. देणग्या आणि अनुदान घ्यायचं तर ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन 8 कंपनी, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी.

परदेशी पैशाचं मात्र नीट समजून घ्या. महिला पत्रकारांना मदत करणाऱ्या परदेशी संस्थांच्या जाहिराती फोनवर फिरत असतात आणि वाचून हुरूप येतो. पण डिजिटल बातम्यांच्या कंपनीत परदेशी गुंतवणूक 26 टक्क्यांपर्यंतच आणि तीही सरकारच्या मंजुरीने, हा नियम 2019पासून आहे. देणगीचा रस्ता त्याहून अरुंद. 2010च्या परकीय योगदान कायद्याचं कलम 3 बातम्यांचे दृकश्राव्य कार्यक्रम करणाऱ्या कंपन्यांना, त्यांच्या मालकांना, संपादकांना आणि वार्ताहरांना परदेशी देणगी घ्यायला मनाई करतं. केलेल्या कामाचा मोबदला वेगळा धरतात, पण तो करार सही करण्याआधी सीएला दाखवाच.

देशातल्या देशात स्वतंत्र माध्यमांना अनुदान देणारी मोठी संस्था म्हणजे बंगळूरूची इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन, 2015पासूनची. मी तिथे लगेच गेले नाही. अनुदान देणारा आधी झालेलं काम बघणार, आणि माझ्या पोर्टलवर अजून दाखवण्यासारखं काही नव्हतं. चित्रकूटच्या बायकांनी 2002 साली 'खबर लहरिया' हे वृत्तपत्र सुरू केलं तेव्हा 'निरंतर' ही दिल्लीची संस्था त्यांच्या पाठीशी होती. तसं कुणी पाठीशी नसेल तर सुरुवात कर्जानेच करावी लागते, असं माझं मत झालं.

म्हणून मुद्रा, म्हणजे छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी कर्ज योजना. शिशु गटात 50 हजारांपर्यंत, किशोर गटात 5 लाखांपर्यंत, तरुण गटात 10 लाखांपर्यंत कर्ज मिळतं आणि तारण लागत नाही. मी किशोरमध्ये 4 लाखांचा अर्ज केला. त्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ती ऑनलाइन होते, आधार आणि पॅनवर, पूर्ण मोफत. बाहेर तिचे पैसे घेणारे एजंट भेटतात, त्यांना एक रुपया देऊ नका. तिथे व्यवसायाचा कोड निवडावा लागतो. 6391 हा वृत्तसंस्थेचा, 6312 वेब पोर्टलचा, 5813 वर्तमानपत्र-नियतकालिक प्रकाशनाचा. प्रकल्प अहवालात जे लिहिलंय त्याच्याशी हा कोड जुळायला हवा.

या अहवालावरच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. बँकेच्या नमुन्यात यंत्रसामग्रीचा रकाना असतो. कॅमेरा, दोन कॉलर माइक, लॅपटॉप, सगळ्याची जीएसटीसकट कोटेशनं जोडली, तो रकाना झटक्यात भरला. पण बातमीचा खरा खर्च माणसाचा: वॉर्डावॉर्डांत फिरणाऱ्या मुलीचा पगार आणि तिचं पेट्रोल. तो सगळा खेळत्या भांडवलात दाखवला. उत्पन्नाच्या पानावर मी आणखी एक ओळ घातली: महापालिकेची आणि तिच्या ठेकेदारांची जाहिरात घेतली जाणार नाही. काका म्हणाले, "हे कशाला लिहितेस? उत्पन्न कमी दिसेल." मी ती ओळ काढली नाही. ज्यांच्या पाइपलाइनीवर लिहायचं त्यांच्याच पैशावर पोर्टल चालवायचं असेल तर नोकरी काय वाईट होती?

पहिल्या शाखेत अहवाल उघडलाही नाही. "मैडम, हस्बैंड की सैलरी स्लिप लगा दीजिए," एवढंच. अर्ज माझा, उद्यम माझ्या नावावर, अनुभव माझा. मी योजनेच्या माहितीपत्रकाची प्रत पुढे ठेवली. त्यांनी फाइल ठेवून घेतली आणि ती तिथेच पडून राहिली. याचा मला आजही राग आहे, कारण माझ्यासारखी प्रत्येक बाई दुसऱ्या शाखेत जाईलच असं नाही.

दुसऱ्या शाखेतल्या तरुण अधिकाऱ्याने नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. जाहिरात नाही, मग हप्ता कुठून? मी मराठी पत्राच्या वर्गणीदारांची यादी आणि खात्यात जमा झालेली वर्गणी दाखवली. शिकवणीवर्ग, किराणा दुकानं, नाट्यप्रयोग यांच्या छोट्या जाहिरातींचे दर दाखवले. त्याने मागणीतून काही रक्कम कमी केली, पण कर्ज मंजूर केलं.

पोर्टल सुरू झालं की आणखी एक काम लगेच उरकायचं. 2021च्या आयटी नियमांनुसार बातम्या देणाऱ्या प्रकाशकाने सुरुवातीपासून 30 दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती कळवायची असते. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही मी पहिल्या दिवसापासून पोर्टलवर टाकला.

आणि बँकेने नकार दिला तर तो लेखी मागा. फाइल नुसती अडवून ठेवली असेल तर आधी त्याच बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्याला फी नाही. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय लोकपाल बदलत नाही, पण अर्जाला उत्तरच न देणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि तक्रारीत शब्द तोच वापरा.