अर्ध्यावाचून अडलेलं आयसोमॉर्फिझम

ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, एमएस्सीला येणाऱ्या मुलांच्या वह्यांत ही ओळ हमखास सापडते: क्ष² − १ = (क्ष − १)(क्ष + १), म्हणून झेड[क्ष]/(क्ष² − १) ही रिंग (बेरीज-गुणाकार चालणारी रचना; इथे पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदी, क्ष² = १ धरून) झेड × झेडशी, म्हणजे पूर्णांकांच्या जोड्यांशी, आयसोमॉर्फिक (रचनेने हुबेहूब सारखी). झेडच्या जागी परिमेय संख्या घेतल्या तर बरोबर. पूर्णांकांवर साफ चूक.

रिंगचे असे तुकडे पाडून देणाऱ्या चायनीज रिमेंडर थिअरमला अवयव नुसते वेगळे असून भागत नाही. दोन्ही आयडियलमधून (इथे क्ष − १ च्या आणि क्ष + १ च्या पटींच्या संचांतून) एकेक घटक घेऊन त्यांच्या बेरजेत १ मिळायला हवा. इथे (क्ष + १) − (क्ष − १) = २. दोन हाती लागतो, एक नाही. दोन्ही आयडियल मिळून (२, क्ष − १) होतं, आणि त्याने भागल्यावर दोन घटकांचं फील्ड (शून्य सोडून कशानेही भागता येतं अशी रिंग) उरतं. म्हणजे १ त्यात नाहीच.

मग मिळतं काय? क्षच्या जागी आधी १, मग −१ घाला. अ + ब·क्ष जातो (अ + ब, अ − ब) या जोडीकडे. कर्नल (शून्याकडे जाणारे घटक) शून्य, पण दोन्ही आकड्यांत फरक २ब, त्यामुळे जोडीतले दोन्ही सम नाहीतर दोन्ही विषम. (१, ०) कधीच येत नाही.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि मार्क घालवतात. हा एक मॅप ऑन्टो नाही (सगळ्या जोड्यांपर्यंत पोचत नाही), एवढंच सिद्ध झालं. दुसरा एखादा असेल तर? शून्यभाजक (स्वतः शून्य नसून गुणाकारात शून्य देणारे घटक) दोन्हीकडे आहेत, कॅरॅक्टरिस्टिक (१ कितीदा मिळवला की ० येतो; कधीच नाही तर ०) दोन्हीकडे ०, तेव्हा त्या खुणा कुचकामी. आयडेम्पोटंट, म्हणजे वर्ग केला तरी तेच राहणारे घटक, मोजा. झेड × झेडमध्ये चार आहेत: (०, ०), (१, ०), (०, १), (१, १). आपल्या रिंगमध्ये क्ष² = १, म्हणून (अ + ब·क्ष)² = अ² + ब² + २अब·क्ष. हे अ + ब·क्ष व्हायचं तर २अब = ब. ब शून्य नसेल तर अ = १/२; आणि पोदेर (गोव्यातला पाववाला) अर्धा पाव देत नाही, तसा झेडही अर्धा देत नाही. ब = ० घेतला की अ² = अ, म्हणजे फक्त ० आणि १. चारास दोन, आयसोमॉर्फिझम शक्यच नाही.

परिमेय संख्यांवर मात्र (१ + क्ष)/२ हा आयडेम्पोटंट खुशाल मिळतो.

याच जातीची दुसरी चूक (क्यू म्हणजे परिमेय संख्या): क्यू[क्ष]/(क्ष² − २) आणि क्यू[क्ष]/(क्ष² − ३), दोन्हींची मिती २, म्हणून सारख्या. व्हेक्टर स्पेस म्हणून (नुसती बेरीज आणि परिमेय पटी पाहिल्या तर) हो, रिंग म्हणून नाही. १ जातो १ कडे, म्हणून २ जातो २ कडे, म्हणजे दुसऱ्या रिंगमध्येही २ चं वर्गमूळ हवं. क्ष² = ३ धरून (अ + ब·क्ष)² = २ मांडलं की २अब = ०. ब = ० तर अ² = २; अ = ० तर ब² = २/३. परिमेय उत्तर कुठलंच नाही.