ट्रेस युनिटचा कोड वाचताना

आज साताऱ्यातल्या घरूनच, पुण्याच्या एका तरुण सहकाऱ्याने लिहिलेला चिपमधील डीबग आणि ट्रेस युनिटचा, म्हणजे चिपच्या आत काय घडते याची नोंद ठेवून दोष शोधायला मदत करणाऱ्या भागाचा, व्हेरिलॉग या हार्डवेअर लिहिण्याच्या भाषेतला कोड तपासला. जेटॅगचे, म्हणजे बाहेरून चिप तपासण्याच्या प्रमाणित जोडणीचे, १६ अवस्थांचे स्टेट मशीन (एका अवस्थेतून दुसरीत जाणारे सर्किट) त्याने नेटके बांधले आहे. टीएमएस हा त्याचा नियंत्रण सिग्नल १ ठेवून क्लॉकचे ५ ठोके दिले की ते कुठूनही रिसेट अवस्थेत येते. घोळ होता तो ट्रेसच्या फिफोमध्ये, म्हणजे आधी आलेली नोंद आधी बाहेर देणाऱ्या रांगेत. तिथे राइट पॉइंटर (पुढची नोंद कुठे लिहायची तो आकडा) ग्रे कोडमध्ये, म्हणजे दर पायरीला एकच बिट बदलणाऱ्या रूपात, न बदलता बायनरीतच दुसऱ्या क्लॉकवर चालणाऱ्या भागाकडे नेला होता, त्यामुळे ०१११ वरून १००० वर जाताना चारही बिट एकदम बदलतात आणि पलीकडे भलताच आकडा वाचला जाऊ शकतो. साध्या सिम्युलेशनमध्ये हे सहसा दिसतच नाही. शिवाय फिफो भरून नोंदी गळाल्या तर तसे कळवणारे पॅकेटही नव्हते, आणि माझ्या मते हे अधिक गंभीर, कारण अपुरा ट्रेस पूर्ण समजून माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो. शेरा जरा कडक झाला आहे. उद्या त्याचा फोन येईलच.