शेवटच्या दिवशीचे दोन डाइव्ह

“शेवटच्या दिवशी सकाळी दोन स्कुबा डाइव्ह, संध्याकाळी विमान. पैसे वसूल!” विश्रामबागेत चहा पिता पिता मित्राने मालदीवचा कार्यक्रम दाखवला. टूरवाल्याने छापूनच दिलाय.

ते ‘पैसे वसूल’ दिवसभर डोक्यात राहिलं.

पाण्यात 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, 30 मीटरवर चौपट. पाठीवरच्या टाकीतून त्या दाबाची हवा श्वासात घेतली की नायट्रोजन रक्तात, सांध्यांत विरघळतो. वर आल्यावर तो फुफ्फुसातून हळूहळू निघतो, तासन्‌तास. तेवढ्यात विमानात बसलात तर? केबिनमधला दाब साधारण 6 ते 8 हजार फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे महाबळेश्वरहूनही विरळ. गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर होतं ते अंगात, नायट्रोजनचे बुडबुडे. सांधे ठणकतात, मुंग्या येतात, चक्कर येते. कधी कधी घरी पोचल्यावर. लोक म्हणतात, प्रवासाचा शीण!

नियम सोपा आहे. डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी थांबायचं: एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास, रोज किंवा दिवसात अनेक असतील तर 18. मी तर सरळ 24 धरायला सांगते. मालदीवमधलं सीप्लेनही विमानच, हे विसरू नका. शेवटच्या दिवशी स्नॉर्कलिंग करा, पृष्ठभागावर तरंगायला हरकत नाही. नाहीतर राजधानी मालेतली 1658 ची प्रवाळाच्या दगडातली मशीद बघा.

आणि आपल्याकडे? तारकर्लीत स्कुबा करून त्याच दुपारी आंबोलीमार्गे 700 मीटर वर येणाऱ्यांना हे कुणी सांगतं का?