इंजिन तयार होतं, नंबर चढेना

माझ्याकडे आलेली जीप आर्मी डिस्पोजलची. महिंद्राची उंच बॉनेटची सीजे-३बी, गोव्याच्या जीडी सिरीजचा जुना नंबर, आणि बॉनेटखाली प्यूजोचं डिझेल इंजिन. आरसी बुकात मात्र इंधनापुढे स्वच्छ अक्षरात ‘पेट्रोल’. आधीच्या कुणा मालकाने इंजिन बदललं आणि कागद तसाच ठेवला. म्हणून जुनी मिलिटरी जीप उभी करायला घेणाऱ्याला मी पहिलं हेच सांगतो: कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, ही चर्चा मेस्त्रीबरोबर करण्याआधी आरसी बुक उघडा.

डिझेलच ठेव, असं मला बहुतेकांनी सांगितलं. अ‍ॅव्हरेज मिळतं, पार्ट कुठेही मिळतात. बोलेरोचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स टाक म्हणणारेही भेटले. तसं बसवलेल्या जीप आहेत आणि त्या चालतातही. पण २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायला परवानगी मागता येते. माझ्यासाठी निम्मा निर्णय तिथेच झाला.

उरलेला निम्मा मनाचा. या जीपच्या मूळच्या हरिकेन या पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झालं, आणि म्हणूनच विलीजने, म्हणजे मूळ अमेरिकन कंपनीने, या मॉडेलचं बॉनेट वर उचललं. त्या बॉनेटखाली दुसरं काही ठेवणं मला पटेना. २१९९ सीसीचं हे इंजिन खरा जोर २००० आरपीएमच्या आसपासच देतं. सोबतचा टी-९० गिअरबॉक्स तीनच गिअरचा म्हणून लोक नाक मुरडतात. त्यांनी हिशेब करावा. पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या डब्याची, लो रेंज २.४६, डिफरन्शियलचे दात ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. गुणाकार ३७. इंजिनचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक. खडकाळ चढावर याहून जास्त काय हवं? उलट हेच डिफरन्शियल ठेवून डिझेल बसवलं की साठच्या पुढे इंजिन बोंबलतं. मग डिफरन्शियल बदला, तेही पुढचं-मागचं एकाच रेशोचं. डिझेलच्या वजनाने पुढचे पाटे बसतात, ते वेगळंच. म्हणजे इंजिन बदलायचं म्हणून सुरुवात करायची आणि अर्धी जीप बदलून बसायचं.

जुना हरिकेन ब्लॉक कोल्हापूरला मिळाला. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग तिथेच उद्यमनगरात झालं. पैसे देण्याआधी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटजवळ तडा आहे का ते नीट बघून घ्या, हे ब्लॉक तिथेच जातात. व्हॉल्व्हच्या सीट वाचवणारं शिसं आता पेट्रोलमध्ये नाही, तेव्हा एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्याव्यात. या कामात कुणी मला अडवलं नाही, कुणी ‘उद्या या’ म्हटलं नाही.

अडवलं ते वाहतूक कार्यालयाने. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा इंजिन बदलाचा अर्ज मी इंजिन बसवण्याआधीच नेला होता. डिझेल इंजिन उतरवलेलं, जीप रिकामी. अर्जासोबत ब्लॉकचं बिल, त्यावर इंजिन नंबर लिहिलेला. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकून बघितला आणि म्हणाल्या, “तुमची गाडी वाहनवर दिसतच नाही. आधी बॅकलॉग एंट्री करून घ्या.” ही हाताने लिहिलेली जुनी आरसी बुकं ‘वाहन’ या संगणक प्रणालीत आपोआप गेलेली नाहीत, ती तिथे चढवणं म्हणजे बॅकलॉग एंट्री, आणि तिथे गाडी नसेल तर कुठलाच अर्ज पुढे सरकत नाही. बरं, बॅकलॉगच्या खिडकीवर गेलो. तिथे म्हणे इन्स्पेक्शन रिपोर्ट लागेल. जीप टेम्पोवर चढवून कार्यालयाच्या आवारात नेली. इन्स्पेक्टरने बॉनेट उचललं. “इंजिनच नाही तर मी तपासू काय? इंजिन बसवून आणा.” मी म्हटलं, साहेब, परवानगीशिवाय बसवायचं नाही, म्हणून तर आलोय. त्यांनी पहिल्या खिडकीकडे बोट दाखवलं. पहिल्या खिडकीचं उत्तर तेच: परवानगीसाठी गाडी वाहनवर हवी.

तीन खिडक्या, तिघांचंही आपापल्या परीने बरोबर, आणि मध्ये माझी जीप. पाऊस सुरू व्हायच्या आधी गेलो होतो, गणपतीची चवथ उलटून गेली तरी मी त्याच बाकावर. ‘सर्व्हर डाऊन’, ‘साहेब मीटिंगला’, ‘सोमवारी बघू’. तिकडे तयार झालेलं इंजिन ताडपत्रीखाली, आणि आपल्याकडच्या पावसाची दमट हवा म्हणजे काय ते सांगायला नको. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडायचं आणि हाताने क्रँक फिरवून ठेवायचा, एवढंच माझ्या हातात होतं. आजही त्या बाकाची आठवण आली की डोकं तापतं.

सुटलं ते कागदाने. एका पानाचा अर्ज लिहिला: कुठल्या खिडकीने काय सांगितलं ते क्रमाने, आणि शेवटी एकच विनंती, यातलं आधी काय करायचं ते मला लेखी कळवावं. आवक शिक्का मारून पोच घेतली. दुसऱ्याच आठवड्यात वरच्या अधिकाऱ्याने बोलावलं, जुनी नोंदवही मागवली, पान काढलं, चेसिस नंबर बुकाशी ताडून बघितला आणि नोंदवहीच्या आधारे बॅकलॉग एंट्री करायला सांगितली. इन्स्पेक्शन लागलंच नाही. हा अधिकारी इतके महिने दोन दारं पलीकडेच बसत होता. म्हणून तोंडी विचारत फिरू नका. पहिला नकार मिळाला की लगेच लेखी द्या आणि पोच घ्या.

त्यानंतर परवानगी आली, इंजिन बसलं, जीप पुन्हा तपासणीला नेली. हरिकेनचा नंबर ब्लॉकच्या पुढे उजवीकडे, वॉटर पंपामागच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. मशीन शॉपला ती जागा घासू देऊ नका, रंगही पातळच द्या. मी तिथला रंग थिनरने पुसूनच जीप नेली होती. इन्स्पेक्टरने कागद धरून पेन्सिल घासली आणि एकेक आकडा पांढरा उमटत गेला. तो कागद फाइलला लागेपर्यंत मी तिथून हललो नाही.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये. पण त्या नंबरवर गाडी रोज फिरवता येत नाही, म्हणून मी तिकडे गेलो नाही. मला ती चालवायची होती. चोर्ला घाट तिने दुसऱ्या गिअरवर चढला आणि रेडिएटरचं पाणी उकळलं नाही.

आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम खराब होतात. ते आधीच इथेनॉलला टिकणारे घ्या, आणि पावसाळ्यात जीप उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. टी-९० मध्ये ९० नंबरचं जीएल-४ ऑइल घाला. जीएल-५ पितळी सिंक्रो रिंगांना चालत नाही, आणि दुकानदार हमखास तेच पुढे करतो. हे ऑइल गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये उतरतं, तेव्हा लेव्हल बघताना दोन्हींचे प्लग उघडून बघा.